शहानिशा

बाबांच्या उजव्या हाताला आता पेला कळत नाही.
म्हणून माणूस हवाय,
चोवीस तास, जेवूनखाऊन,
कपाटाच्या किल्ल्या खुंटीवर दिसतील अशा घरात.

मे महिना. मानेवाड्यात कूलर ओरडतोय.
पंप अडकला की ताट्या कोरड्या पडतात,
आणि मी मोबाइलवर चाळते आहे
माणसं चाळून देणाऱ्या कंपन्या.

पहिली म्हणते, दहा मिनिटांत. एकशे नव्व्याण्णव रुपये.
हिरवी खूण, ढालीचं चित्र,
चारशे जणांनी दिलेले पाच पाच तारे,
सगळं कौतुक एकाच दौतीतलं.

बँकेत एकवीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या मी.
नोट खरी का, हे नोटेला विचारत नसतात.
म्हणून आधी माझंच नाव घातलं:
वैजयंती दामोदर पराते.

दहा कशाला, चौथ्याच मिनिटाला मी निर्दोष.
पत्ता गोळीबार चौकातला,
जिथून सामान हलवल्याला चौदा वर्षं झाली,
जिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

दुसरीने मला चेक न वटल्याच्या खटल्यात धरलं.
भंडाऱ्याची कुणी वैजयंती, वडिलांचं नाव दादाराव.
बाई, तुझं जे असेल ते मिटो,
पण काहून माझ्या अंगावर?
फोन केला तर रेकॉर्ड केलेली मुलगी
एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली.
माणूस कितव्या आकड्यावर, ते तिलाही ठाऊक नसावं.

तिसरीचं ऑफिस धंतोलीत,
जिना चढून जाता येतं असं.
फोन उचलला कुणा हेडाऊंनी.
म्हणाले, आठ दिवस लागतील,
आमचा पोरगा बसने तिरोड्याला जाईल,
शेजारी विचारेल, कोर्टात विचारेल.
आणि मॅडम, त्यांची परवानगी घेतली का तुम्ही?
सही लागते. आम्ही चोरून पाहत नाही कोणाचं.

मी गप्प.
पहिल्या दोघींनी हे विचारलं नव्हतं,
आणि मलाही सुचलं नव्हतं.

योगराज बिसेन, वय एकतीस,
सही करताना जीभ दातांत धरतो.
तोवर दिवसाच येतोय, मी घरात असताना.

आठव्या नाही, अकराव्या दिवशी अहवाल आला.
पत्ता खरा. कोर्टात काही नाही.
गोंदियाच्या दवाखान्यात दोन वर्षं, खरी.
मग खाली एक ओळ:
‘मार्च ते ऑगस्ट कुठे होते, कळू शकले नाही.’

त्या ओळीवर माझा विश्वास बसला.
ज्याला ‘कळलं नाही’ लिहिता येतं
त्याच्या बाकीच्या ओळी वाचाव्यात.

बाबांचा तळवा चोळता चोळता तो म्हणाला,
‘रामदासपेठेत होतो जी, एका आजोबाजवळ.
ते गेले. दोन महिन्याचा पगार नाही देल्ला.
मग कोणाचं नाव सांगू?’
तेलाची वाटी बाजूला सरकवली.
‘ताई, एक विचारू का?
तुमचंबी पाह्यता येते का यात?’

तिन्ही कंपन्या पुन्हा उघडल्या.
घर तपासायचा रकाना कुठेच नव्हता.
हेडाऊ फोनवर हसले, मग हसायचे थांबले.

शेवटी लाइट बिलाच्या पाठीवर नंबर लिहून दिला:
मंदाबाई ढोक. सहा वर्षं आमच्या पोळ्या केल्या,
गेल्या दिवाळीत सोडून गेली.
का, ते तिने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

आता तो गॅलरीत उभा आहे, फोन कानाला.
कूलरच्या आवाजात एवढंच ऐकू येतंय,
‘हो... हो जी... अच्छा...’
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

बाबा डाव्या हाताने पाणी मागतात.
मी पेला धरून उभी.
पाणी हलतंय.